टाकीतून खाली उतरणारे पाणी : पाइप किती इंची घ्यावा?

गेल्या अंकात मत्स्यटाकीखाली संप, म्हणजे पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी खालची टाकी, बसवण्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : वर जाणारे पाणी पंप चढवतो, पण खाली येणारे पाणी केवळ स्वतःच्या वजनाने उतरते, तर त्याच्यासाठी पाइप किती मोठा घ्यावा? निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून तीत पाणवनस्पती व लहान मासे आहेत. दुकानदाराने तासाला ३,००० लिटरचा पंप दिला आणि 'वर जाणारा पाइप पाऊण इंची आहे, तेव्हा उतरणारा एक इंची पुरे' असे सांगितले. माझा मित्र मात्र म्हणतो की दीड इंचीच्या खाली जाऊ नकोस, नाहीतर रात्रभर गुडगुड ऐकावी लागेल. दोघांपैकी कोणाचे ऐकावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, ते दोन वेगवेगळ्या तऱ्हेने चालणाऱ्या पाइपांविषयी बोलत आहेत, एवढेच. मात्र त्याआधी पंपाच्या खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवावा लागेल. तो आकडा पाणी मुळीच वर चढवायचे नसताना मिळणाऱ्या प्रवाहाचा असतो. संपपासून टाकीच्या काठापर्यंतची सव्वा-दीड मीटर उंची आणि वाटेतले एल्बो (पाइप वळवणारे जोड) धरले की त्यातला बराच भाग खर्ची पडतो, आणि किती पडतो ते पंपागणिक बदलते. म्हणून पंप, पाइप आणि एल्बो तात्पुरते जोडून, टाकीच्या काठाइतक्या उंचीवर दहा लिटरची बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ३६,००० ला त्या सेकंदांनी भागले की तासाचे लिटर मिळतात. बादली वीस सेकंदांत भरली, तर प्रवाह तासाला १,८०० लिटर आहे. पुढचा सगळा हिशेब मी याच आकड्यावर केला आहे. आपला आकडा वेगळा आला तर त्याप्रमाणे बदलून घ्यावा. आपल्या टाकीची पूर्ण क्षमता सुमारे २४३ लिटर आहे, माती आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी दोनशेच्या आसपास राहील, आणि वनस्पतींच्या टाकीत तासाला चार-पाच वेळा पाणी फिरले तरी भागते. म्हणजे १,८०० लिटर हेसुद्धा गरजेपेक्षा जास्तच आहेत. असा पंप बदलून लहान घेतला, तर खालच्या पाइपाचा प्रश्न निम्म्याने सोपा होईल, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

आता पाइपाकडे वळू. वर जाणाऱ्या पाइपाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण तिथे पाण्याला मागून ढकलणारा पंप आहे आणि इथे कोणीच नाही. तोंड उघडे असलेल्या उभ्या पाइपात पाणी पाइप भरून उतरत नाही. ते आतल्या भिंतीला धरून पातळ थराने उतरते आणि मधल्या पोकळीतून हवा खाली जाते. इमारतींच्या सांडपाण्याच्या उभ्या पाइपांसाठी जे सूत्र वापरतात, त्यात पाण्याने पाइपाचा तीस टक्क्यांहून किंचित कमी भाग व्यापावा असे धरलेले असते. त्या हिशेबाने एक इंची पाइपातून तासाला सुमारे ८०० लिटर, सव्वा इंचीतून १,४५० च्या आसपास, दीड इंचीतून २,४०० आणि दोन इंचीतून ५,१०० लिटर पाणी शांतपणे उतरते. याहून जास्त पाणी सोडले तर ते थांबत नाही, उतरतेच, पण मधली हवेची वाट अधूनमधून बंद होते, पाण्याचा गठ्ठा तयार होतो, तो हवेला खाली ओढतो, पुन्हा वाट उघडते, आणि हे चक्र अखंड चालू राहते. आपला मित्र ज्या गुडगुडीविषयी बोलतो ती हीच. त्यामुळे उघड्या तोंडाचा एकच पाइप ठेवायचा असेल तर १,८०० लिटरला दीड इंची हेच उत्तर आहे.

दुसरी तऱ्हा पूर्ण भरून वाहणाऱ्या पाइपाची, म्हणजे सायफनची. पाइपाचे वरचे तोंड पाण्याखाली बुडलेले ठेवले, आत हवा शिरू दिली नाही, की पाइपातला पाण्याचा सलग स्तंभ स्वतःच्या वजनाने वरचे पाणी ओढून घेतो. इथे महत्त्वाची ठरते ती वरच्या ओव्हरफ्लो बॉक्समधल्या, म्हणजे टाकीच्या काठावरून सांडलेले पाणी जमते त्या कप्प्यातल्या, पाण्याची पातळी आणि संपमधली पातळी यांच्यातली उंची. ती ७० सेंटिमीटर असेल, पाइप एक इंची असेल आणि वाटेत दोन एल्बो व एक पूर्ण उघडा व्हॉल्व्ह असेल, तर सगळे अडथळे धरून पाण्याचा वेग सेकंदाला १.७ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे तासाला ३,००० लिटरहून अधिक. उघड्या तोंडाने ज्या एक इंची पाइपातून ८०० लिटर शांतपणे उतरत होते, त्याच पाइपातून भरून वाहताना चौपट पाणी जाते, आणि तेही आवाजाशिवाय, कारण आवाज पाण्याचा नसून हवेचा असतो. दुकानदाराचा एक इंची पाइप या अर्थाने पुरेसा आहे.

परंतु सायफन एकटा कधीही ठेवू नये. त्याची क्षमता पंपापेक्षा जास्त असते, म्हणून त्यावर व्हॉल्व्ह बसवून ती पंपाशी जुळवावी लागते. जुळवलेल्या पाइपात एखादी गोगलगाय किंवा वालिस्नेरियासारख्या पाणवनस्पतीचे पान अडकले तर पाणी वाढू लागते आणि ते थेट दिवाणखान्याच्या फरशीवर येते. म्हणून शेजारी दुसरा पाइप हवा, ज्याचे तोंड पहिल्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर उंच असेल आणि ज्यावर कोणताही व्हॉल्व्ह नसेल. मी आपल्याला हीच रचना सुचवेन : सायफनसाठी एक इंची आणि आपत्कालीन पाइप दीड इंची. दोन्ही एक इंची घेतले तरी घर भिजणार नाही, पण संकटाच्या वेळी दुसरा पाइप उघड्या तोंडाने काम करतो, आणि १,८०० लिटर त्याला शांतपणे झेपायचे तर तोच मोठा असायला हवा. पहिल्याला मोठे करण्याचा मोह मात्र टाळावा. दीड किंवा दोन इंची सायफन घेतला तर १,८०० लिटरसाठी त्याचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून ठेवावा लागतो, आणि कचरा अडकतो तो नेमका त्या अरुंद फटीत.

व्हॉल्व्ह गेट प्रकारचाच, म्हणजे अनेक फेऱ्यांत हळूहळू बंद होणारा, घ्या. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण उघड्याचा पूर्ण बंद होतो, त्यामुळे त्याला केसभर फिरवले तरी पातळी दोन-तीन सेंटिमीटरने हलते. व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत बॉक्समधले पाणी आपत्कालीन पाइपाच्या तोंडापर्यंत येऊ द्यावे आणि तिथून करंगळीएवढी धार सतत आत जात राहील असे जुळवून सोडून द्यावे. पंपाचा प्रवाह दिवसागणिक थोडा कमीजास्त होतो आणि तो फरक ही धार आपोआप सामावून घेते. ज्यांना तीन भोके पाडता येतात ते सायफन, उघडा पाइप आणि पूर्ण कोरडा आपत्कालीन पाइप अशी तिहेरी रचना करतात, तिला छंदिष्टांत 'बीनॲनिमल' म्हणतात. ती उत्तम आहे, पण चार फुटी टाकीला दोन पाइपांवर भागते.

प्रश्न : लेखात आपण 'एक इंची' म्हणता, पण बाजारात मला तीन वेगवेगळ्या जाडीचे एक इंची पाइप मिळाले आणि एकाचे फिटिंग दुसऱ्यात बसत नाही. नक्की कोणता घ्यावा? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हा घोळ खरा आहे. घरच्या नळकामाचा पांढरा यूपीव्हीसी पाइप, गरम पाण्यासाठीचा फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप आणि शेतीसाठी वापरला जाणारा मिलिमीटरमध्ये मोजला जाणारा पीव्हीसी पाइप, हे तीनही 'एक इंची' म्हणून विकले जातात. यूपीव्हीसीच्या एक इंचीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर, सीपीव्हीसीचा २८.६ आणि शेतीच्या पाइपाचा ३२ मिलिमीटर असतो. म्हणूनच फिटिंग एकमेकांत जात नाहीत. शेतीच्या पाइपांत ३२ म्हणजे एक इंची, ४० म्हणजे सव्वा, ५० म्हणजे दीड आणि ६३ म्हणजे दोन इंची असे ढोबळपणे समजतात. कित्येक प्लंबर पाइपाचे टोक तापवून रुंद करून बळेच बसवतात. संपच्या जोडणीत ते करू देऊ नका, कारण असा सांधा वर्षभराने झिरपू लागला तर तो सापडतसुद्धा नाही.

आपल्याला महत्त्वाचा आहे तो आतला व्यास. शेड्यूल म्हणजे पाइपाच्या भिंतीच्या जाडीचा वर्ग, आकडा मोठा तितकी भिंत जाड. शेड्यूल ४० च्या एक इंची यूपीव्हीसी पाइपाचा आतला व्यास २६.६ मिलिमीटर भरतो, त्याच मापाच्या शेड्यूल ८० चा सव्वाचोवीसच्या आसपास, आणि सीपीव्हीसीचा साधारण तेवढाच किंवा त्याहून थोडा कमी. अडीच मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळात तो सोळा-सतरा टक्क्यांचा होतो. सीपीव्हीसीची किंमत गरम पाण्यासाठी मोजायची असते, माशांच्या टाकीला तिचा काही उपयोग नाही. जाड पाइपाचाही नाही. टाकीपासून संपपर्यंतचा दाब फार तर मीटर-दीड मीटर पाण्याचा, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला शंभर-दीडशे ग्रॅम, आणि सर्वांत हलका पाइपसुद्धा तो सहज पेलतो.

पाइप निवडताना टँक निपलकडे दुर्लक्ष होते, ते करू नका. काचेतून आरपार जाणारा हा तुकडा आटे पाडलेला असल्यामुळे त्याचे आतले छिद्र पाइपापेक्षा लहान असू शकते. दीड इंची पाइपावर सव्वा इंची छिद्राचा निपल बसवला तर तो पाइप उगमाशीच गळचेपीत सापडतो. दुकानातच निपल हातात घेऊन आतून पट्टीने मोजावा. पितळी आट्यांची फिटिंगे कोळंबी व गोगलगायी असलेल्या टाकीत वापरू नयेत, कारण पितळात तांबे असते आणि या जीवांना ते अगदी थोड्या प्रमाणातही सोसत नाही.

प्रश्न : सायफन आणि आपत्कालीन पाइप अशी जोडणी केली आहे आणि एरवी ती अगदी शांत चालते. पण वीज जाऊन परत आली की पंधरा-वीस मिनिटे आपत्कालीन पाइप खळखळत राहतो आणि सायफन सुरूच होत नाही. पाइप बारीक पडतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, सायफनचा पाइप पुरेसा आहे, तो खाली फार खोल बुडलेला असावा. आपण पत्रासोबत पाठवलेल्या आकृतीत त्याचे टोक संपच्या पाण्याखाली वीस सेंटिमीटर दिसते. वीज गेल्यावर पाइपात हवा भरते. पंप पुन्हा सुरू झाला की वरून येणाऱ्या पाण्याला ती हवा खालच्या टोकातून बाहेर ढकलावी लागते, आणि वीस सेंटिमीटर पाण्याचा दाब तिला अडवून धरतो. टोक फक्त दोन-तीन सेंटिमीटर बुडेल एवढे पाइप कापा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच मिनिटभरात सायफन लागतो. मात्र टोक पाण्याबाहेर ठेवू नये, तिथून हवा शिरली की पुन्हा आवाज सुरू होतो.

ही खोली कोणत्या पातळीवरून मोजायची यातही एक मेख आहे. वीज गेल्यावर वरच्या टाकीतले काही पाणी खाली येते आणि संपची पातळी वाढते, म्हणजे सायफन सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी टोक नेहमीपेक्षा जास्त बुडालेले असते. म्हणून पाइप संपच्या पहिल्या कप्प्यात सोडावा, जिथली पातळी आडव्या काचेमुळे जवळजवळ ठरलेली असते. पंपाच्या कप्प्यात सोडू नये, तिथली पातळी बाष्पीभवनाने रोज खाली-वर होत असते. जोडणीत कुठे आडवा पाइप असेल आणि त्याला मध्ये झोळ असेल, तर तिथेही हवा अडकते. तो सलग उताराचा करून घ्या आणि नव्वद अंशांच्या एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन बसवा.

प्रश्न : समुद्री टाकीसाठी दोन इंची पाइप टाकूनही टाकीतली पातळी ओव्हरफ्लोच्या दातांच्या (काठावरच्या कंगव्यासारख्या पट्टीच्या) वरपर्यंत चढते. आणखी मोठा पाइप घ्यावा का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : मुळीच नको. बॉक्समधली पातळी खाली आणि टाकीतली वर असेल, तर दोष पाइपाचा नसून दातांचा आहे. काठावरून सांडणाऱ्या पाण्याची जाडी काठाच्या लांबीवर ठरते. तासाला २,५०० लिटर पाणी ३० सेंटिमीटर सलग काठावरून जात असेल तर त्याची जाडी सुमारे १२ मिलिमीटर राहते. दातांनी त्यातला निम्मा काठ अडवला तर तीच १८-१९ मिलिमीटरवर जाते, आणि फटींत शेवाळ धरले की त्याहून वर. दात घासून स्वच्छ करा किंवा काठ लांब करा. आणखी एक हिशेब यावरून करून ठेवावा : चार फुटी, दीड फूट रुंद टाकीत पातळीचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर पाणी. वीज गेल्यावर तीन सेंटिमीटर पाणी उतरले तर सोळा लिटर, अधिक पाइपांतले पाणी, एवढी जागा संपमध्ये कायम मोकळी असायला हवी.

प्रश्न : माझे शोभेच्या माशांचे दुकान आहे. रॅकवर चोवीस टाक्या असून प्रत्येकीचे पाणी एका आडव्या पाइपात सोडून एकाच फिल्टरकडे न्यायचे आहे. आडवा पाइप दोन इंची चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रत्येक टाकीला तासाला २०० लिटर धरले तर एकूण ४,८०० लिटर होतात. आडवा पाइप निम्माच भरून वाहावा अशा बेताने निवडतात, म्हणजे वरच्या भागातून हवा मोकळी फिरते आणि वरच्या टाकीचे पाणी खालच्या टाकीच्या जोडातून उसळत नाही. मीटरला एक सेंटिमीटर उतार दिला तर ६३ मिलिमीटरच्या पाइपातून निम्मे भरून सुमारे २,७००, ७५ च्या पाइपातून ४,६०० आणि ११० च्या पाइपातून १३,००० लिटर जातात. उतार दुप्पट केल्याने पाणी दुप्पट होत नाही, जेमतेम चाळीस टक्क्यांनी वाढते. तेव्हा दोन इंची विसरा; ७५ मिलिमीटरचा पाइप मीटरला दोन सेंटिमीटर उताराने टाका, किंवा पुढे रॅक वाढवायचा विचार असेल तर सरळ ११० चा घ्या. टाक्यांचे उभे पाइप एक इंची ठेवा. २०० लिटरला पाऊण इंचीही पुरतो, पण मेलेला मासा त्यात अडकतो. आडव्या पाइपाचे वरचे टोक बूच मारून बंद करू नका, हवेसाठी उघडे ठेवा.

प्रश्न : अंगणातल्या कोई माशांच्या तळ्याचे पाणी तळाच्या जाळीतून सहा मीटरवरच्या फिल्टरच्या हौदात आपोआप येते. गवंड्याने दोन इंची पाइप पुरला आहे. तासाला १२,००० लिटरचा पंप लावला की हौदातले पाणी खाली जाते आणि पंप हवा ओढू लागतो. तळे मात्र काठोकाठ भरलेले असते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : तळे आणि हौद यांच्या पातळीत जेवढा फरक पडेल, तेवढीच ताकद पाणी ढकलायला मिळते. ६३ मिलिमीटरच्या पाइपातून १२,००० लिटर न्यायचे तर पाण्याचा वेग सेकंदाला १.३ मीटर लागतो, आणि सहा मीटर लांबी व एक बेंड धरून तेवढा वेग यायला हौदाची पातळी तळ्यापेक्षा सुमारे ४० सेंटिमीटर खाली जावी लागते. हौद तेवढा खोल नसेल तर पंप हवा ओढणारच. हाच पाइप ११० मिलिमीटरचा असता तर वेग ०.४ मीटर आणि फरक तीन सेंटिमीटरच्या आसपास राहिला असता. तेवढा वेग विष्ठा व गाळ ओढून न्यायलाही पुरतो. तळ्याच्या तळाशी ११० चाच पाइप घालण्याचा रिवाज या हिशेबातून आला आहे, आणि काँक्रीट ओतण्याआधी तो पाळणे स्वस्त पडते.

आता फोडाफोड करायची नसेल तर दोन उपाय आहेत. पंप लहान करावा : प्रवाह निम्मा झाला की पातळीतला फरक निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो, म्हणजे ६,००० लिटरला सुमारे दहा सेंटिमीटर. किंवा तळ्याच्या बाजूच्या भिंतीतून पहिल्यासारखाच दुसरा ६३ मिलिमीटरचा पाइप हौदापर्यंत न्यावा, म्हणजे प्रत्येकातून ६,००० लिटर जातील आणि फरक तेवढाच, दहा सेंटिमीटरवर येईल. हा दुसरा पाइप पाण्याच्या पातळीपासून पंचवीस-तीस सेंटिमीटर खाली बसवा, त्यापेक्षा वर नको, नाहीतर उन्हाळ्यात पातळी उतरली की त्याचे तोंड उघडे पडेल. दोन्ही पाइपांना हौदाच्या बाजूला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या. आठवड्यातून एकदा बाजूचा पाइप बंद ठेवला की सगळा प्रवाह तळाच्या जाळीतून येतो आणि तिथे साचलेला गाळ निघून जातो. तेवढा वेळ हौदाच्या पातळीवर लक्ष ठेवावे आणि पंप हवा ओढण्याच्या बेतात आला की व्हॉल्व्ह उघडावा.